अँजिओग्राफी नॉर्मल, तरी दुखणं खरं असू शकतं

महोदय,
रविवारच्या पुरवणीतला छातीत दुखण्यावरचा लेख वाचला, बाकी सगळं ठीक, पण अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज आहे का ते बघायची तपासणी, क्लिअर आली की हृदयाची काळजी मिटली हे काही पटलं नाही. मोठं ब्लॉकेज नसतानाही हृदयाची रक्तवाहिनी अचानक आवळली जाते आणि थोड्या वेळाने आपोआप सुटते, याला स्पॅझम म्हणतात, आणि अशा दुखण्याचं वर्णन अमेरिकेतल्या डॉ. प्रिंझमेटल यांनी १९५९ सालीच केलंय. हे दुखणं बहुतेकदा जिना चढताना नाही तर आराम करताना, रात्री नाहीतर पहाटे येतं.

माझ्या वहिनीला पहाटे व्हायचं, घाम फुटायचा, पलंगाच्या कडेला छाती धरून बसायची, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल, मग काय, गॅस झालाय, टेन्शन घेऊ नका म्हणून परत घरी! शेवटी दुखत असतानाच काढलेल्या ईसीजीत बदल सापडला.

स्पॅझम जास्त वेळ टिकला तर खराखुरा अटॅक येतो, ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो, म्हणून निदान नीट व्हायला हवं. यावर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आणि नायट्रेट ही रक्तवाहिनी सैल करणारी औषधं चालतात, उलट प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गटातल्या हृदयाच्या औषधाने त्रास वाढू शकतो, आणि सिगारेट तर पूर्ण बंदच करावी लागते. लेखात एवढी दुरुस्ती कृपया छापा, कारण रिपोर्ट नॉर्मल म्हणून घरी दुखणं अंगावर काढणारे, त्यातही बायका, खूप आहेत.

– एक वाचक, सातारा