सहा तासांचे साडेतीन कसे झाले?

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की इन्व्हर्टरच्या दुकानात गर्दी होते, म्हणून हे पत्र. आमच्या भागात फांदी तारेवर पडली की ती रात्र गेलीच असं धरून चालायचं.

गेल्या वर्षी आम्ही ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्यूब्युलर बॅटरी घेतली. दुकानदाराने बिलाच्या मागेच गणित मांडलं. १५० गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे १८०० वॉट-अवर. दोन पंखे, दोन ट्यूब आणि टीव्ही मिळून ३०० वॉट. ‘‘काकू, सहा तास कुठे गेले नाहीत!’’ पहिल्याच वादळात संध्याकाळी सातला लाइट गेली. साडेदहाला आम्ही आडवे होतोय तोच इन्व्हर्टर टी-टी करू लागला आणि पंखा गरगरत थांबला. सासूबाई अंधारातूनच म्हणाल्या, ‘‘झाले का गं सहा तास?’’

मी बॅटरी खराब म्हणून भांडायला निघाले होते. मुलाने आधी बॅटरीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं: ‘सी २०’. म्हणजे ही बॅटरी २० तासांत हळूहळू, साडेसात अँपिअरने रिकामी केली तरच १५० एएच देते. आमचा लोड ३०० वॉट. इन्व्हर्टर स्वतः साधारण वीस टक्के खातो, म्हणजे बॅटरीतून ३७५ वॉट, जवळजवळ ३१ अँपिअर ओढले जातात. एवढ्या जोराने ओढलं की शिशाची बॅटरी हात आखडते आणि १५० चे जेमतेम ११५ एएच हाती येतात. त्याला १२ ने गुणून इन्व्हर्टरची खादाडी वजा केली की प्लगला ११०० वॉट-अवर उरतात, म्हणजे १.१ युनिट. भागिले ३००: साडेतीन तास आणि वर थोडी मिनिटं. बॅटरी चोख होती, चुकला होता तो बिलामागचा हिशेब. शिवाय रोज अशी तळापर्यंत उपसली तर तिचं आयुष्यही घटतं, ते वेगळंच.

आणखी एक गैरसमज दुकानातच पेरला जातो, की जास्त व्हीएचा इन्व्हर्टर जास्त वेळ चालतो. व्हीए म्हणजे एका वेळी किती ओझं उचलेल ते. वेळ ठरते बॅटरीवर आणि लोडवर.

आम्ही नवी बॅटरी घेतली नाही. ७५ वॉटचे दोन्ही जुने पंखे काढून ३० वॉटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, लावले, चोकवाल्या ट्यूबच्या जागी २० वॉटच्या एलईडी. लाइट गेली की टीव्ही बंद (यावर घरात अजून एकमत नाही). लोड १०० वॉटवर आला. तिसरा हिस्सा झाला, तर वेळ तिप्पट व्हावी. पण हळू ओढल्यामुळे बॅटरीही जास्त देते. आता रात्र निघते, आणि सकाळी मिक्सर लावायचा मोह तेवढा आवरावा लागतो.

छताच्या पंख्यांवर वीजबचतीचं स्टार लेबल २०२३ पासून सक्तीचं आहे; वॉट वाचून पंखा घेता येतो. मग इन्व्हर्टर-बॅटरीच्या जोडीवरही ‘१०० वॉटला इतके तास, ३०० वॉटला इतके’ असं ठळक छापायला काय हरकत आहे? तोवर दुकानदारांनी निदान बिलावर हे दोन आकडे सही करून लिहून द्यावेत. मागच्या कोऱ्या बाजूला नको.

– एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)