दवाखान्यातल्या नोंदी एकमेकांना जोडा

महोदय,

१ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातल्या ८८० गावा-शहरांतील सुमारे ७,४०० डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या २,०४,९१२ रुग्णांची नोंद केली. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचा हा ‘पोसायडन’ अभ्यास. निम्म्याहून अधिक रुग्ण श्वसनाच्या तक्रारी घेऊन आले होते. मोठ्या रुग्णालयांच्या आकडेवारीतून हे चित्र कधीच दिसले नसते, कारण खोकला-तापाचा माणूस आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो.

पण तो एक दिवस होता. आम्ही जनरल प्रॅक्टिशनर रोज हेच पाहतो आणि केसपेपर कपाटात ठेवून देतो. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला, तो रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या नोंदींच्या बळावर. एकट्याने एवढे होते, तर तालुक्यातले पंधरा दवाखाने एकत्र आल्यावर किती होईल!

सुरुवात छोटी असावी. सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, उसाच्या हंगामात तोडणी कामगारांना कोणते आजार होतात? एकसारखा, एका पानाचा तक्ता. रुग्णाचे नाव कुठेही नको, संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी मात्र हवीच. विश्लेषणाला जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाने हात द्यावा. आणि निष्कर्ष आधी आम्हाला, आमच्या रुग्णांना कळावेत. नाहीतर पुढच्या वर्षी कोणी तक्ता भरणार नाही.

आयएमएच्या (इंडियन मेडिकल असोसिएशन, डॉक्टरांची संघटना) तालुका शाखांनी पुढच्याच बैठकीत हा विषय घ्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक जनरल प्रॅक्टिशनर, सातारा जिल्हा