आधी सांडपाणी अडवा, मग जलपर्णी काढा

महोदय,

पवई तलाव ‘भरून वाहू लागला’ ही बातमी दरवर्षी येते, पण हा तलाव नैसर्गिक नाही याचा विसर पडतो. १८९०च्या सुमारास पाण्याच्या टंचाईवर उपाय म्हणून मिठी नदीच्या वरच्या भागात बांध घालून तो तयार केला गेला. खर्च सुमारे १२.५९ लाख रुपये, क्षमता ५४५ कोटी लिटर. पाणी पिण्यायोग्य राहिले नाही, म्हणून ते उद्योगांकडे वळले आणि काठ फिरायला येणाऱ्यांचा झाला.

काठावरील सायकल ट्रॅक २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, हे योग्यच झाले. मात्र खरे दुखणे पाण्यात आहे. सांडपाण्यातील नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी पोसली जाते आणि अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. नाल्यांची तोंडे उघडी ठेवून यंत्राने ती कितीही काढली तरी उरलेल्या तुकड्यांतून पुन्हा फुटते. त्यामुळे आधी सांडपाणी मलवाहिनीकडे वळवावे. काढणी फुले येण्यापूर्वी करावी, कारण बी गाळात वर्षानुवर्षे टिकते. काढलेला ढीग काठावर कुजू देणे तर सर्वांत वाईट: त्याचा रस पुन्हा तलावातच उतरतो. वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ती पाणलोटाबाहेर नेऊन सुकवावी आणि खत करावे. जलपर्णीने तलावाचा पृष्ठभाग पूर्ण झाकला गेला की खालच्या पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. काठावर नवे दिवे लावण्याआधी या कामाला निधी मिळावा.

– एक वाचक, मुंबई