खटके तेच आहेत, बाबा

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या पॅसेजमधला दिवा आपोआप लागला असेल आणि आईने 'कोण आहे गं?' म्हणून हाक मारली असेल. कुणी नाही. ते माझेच उद्योग.

तुम्ही ताईकडे नाशिकला गेल्यावर मी चार दिवस सांगलीत राहिले ते ऑफिसचं काम शांतपणे करता यावं म्हणून, असं सांगितलं होतं. खोटं बोलले. वायरमनदादा रोज येत होते. आधी विचारलं असतं तर बाबा 'बघू' म्हणाले असते. तुमच्या 'बघू'चं काय होतं ते फडताळातल्या सोलरच्या पत्रकाला माहीत आहे. रागवायचं असेल तर रागवा, पण आधी पूर्ण वाचा.

पाडव्याच्या रात्री बाबा पॅसेजमध्ये पडले तेव्हा मनगटावर निभावलं. डॉक्टरांनी विचारलं, 'दिवा का नाही लावला?' तर तुम्ही म्हणालात, 'आपलंच घर, पाठ आहे.' आई तेव्हा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होती. पुण्याला जाताना गाडीत माझ्या डोळ्यांसमोर तेच. घर पाठ आहे हो, बाबा. गुडघ्यांना ते पाठ राहिलेलं नाही, एवढंच.

तर पॅसेजमध्ये आणि बाथरूमबाहेर सेन्सरचे दिवे लावलेत. माणूस हलला की त्याच्या अंगाच्या उष्णतेवरून त्यांना कळतं, दिवा लागतो आणि मिनिटभराने विझतो. ९ वॅटचा आहे. रात्रीत चारदा उठलात तरी महिन्याला एक युनिट काय, त्याचा पावभागही जळत नाही. हिशेब करून बघा, मला माहीत आहे तुम्ही करणारच. तो सेन्सर तुम्ही किती वेळा उठलात हे माझ्या मोबाइलवर कळवू शकतो. ते मी बंद ठेवलंय. तुमच्यावर पाळत ठेवायला मी जन्माला आलेली नाही. पण तीनदा-चारदा उठावं लागत असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, लाजू नका.

आई, तुझ्यासाठी आधी हे सांगते: भिंतीवरचे खटके तेच आहेत, तिथेच आहेत, दाबले की चालतात. नवं जे काही आहे ते बोर्डाच्या आत, तुझ्या नजरेआड. नेट गेलं तरी खटके चालणार. आणि घरातलं बोलणं ऐकणारा तो डबा मी आणलेला नाही. तुझी आणि मावशीची दुपारची बैठक सुरक्षित आहे.

गिझरला १६ अँपिअरचा, टायमरवर आपोआप चालू-बंद होणारा प्लग बसवलाय. पहाटे पाचला तो चालू होतो, साडेपाचला बंद. १५ लिटर पाणी तापायला वीस मिनिटं पुरतात, म्हणजे उठल्या उठल्या पाणी तयार. खरं सांगू? यात वीज फार वाचणार नाही. पाणी तापलं की थर्मोस्टॅट तसाही गिझर बंद करतो, त्यानंतर वाया जाते ती फक्त टाकीतली निवत जाणारी ऊब. हे मी केलंय ते पहाटे पाचला तुम्ही अंधारात तो खटका चाचपडायला जाऊ नये म्हणून. तिथल्या जुन्या सॉकेटचं अर्थिंग ढिलं होतं, तेही सापडलं. किती दिवस तसं होतं कोण जाणे. लगेच नीट करून घेतलं. बाबा, एकच: बाहेरचं लाल दिव्याचं बटण बंद करायचं नाही. तुमचा हात सवयीने जाईल. ते बंद झालं की प्लगलाच वीज मिळत नाही, मग टायमर काय कपाळ चालवणार? त्यावर पांढरी पट्टी चिकटवलीय, काढू नका.

वीज वाचणार ती पंख्यांत. हॉलमधला आणि तुमच्या खोलीतला जुना पंखा ७५ वॅट खायचा, नवे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे आहेत, पूर्ण जोरात ३० वॅटच्या आसपास. दिवसाचे बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, दोघांचे ३२. म्हणजे एप्रिल-मेमध्येही तुमच्या निळ्या वहीतला महिन्याच्या युनिटचा आकडा १०० च्या आत राहील, आणि पुढच्या टप्प्याचा तो दुप्पट दर लागणार नाही. त्यांना रेग्युलेटर नाही, रिमोट आहे. नाडी बांधून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलाय. तिथेच राहू दे, आई, उशीखाली नको.

टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स मी तसल्याच, वीज मोजणाऱ्या प्लगवर मोजला. टीव्ही बंद असतानाही ११ वॅट. तुम्ही आयुष्यभर आमच्या पाठीमागे दिवे मालवत हिंडलात, आणि हा गडी रात्रंदिवस बसून खात होता! आता रात्री अकरा ते सकाळी सात त्याची वीज बंद. सकाळी सुरू व्हायला दोन मिनिटं लागतील, तोवर चहा घ्या. आता तुम्ही म्हणाल, तो प्लग स्वतः काय खातो? एक वॅटच्या आसपास, महिन्याला पाऊण युनिट. बघा, लपवलं नाही.

गच्चीवरच्या टाकीत सेन्सर सोडलाय. टाकी भरली की मोटर बंद, खाली पाणी नसलं तरी बंद. शेजारच्या काकूंची 'अहो, टाकी वाहतेय' ही हाक आता ऐकू येणार नाही, तेवढी मात्र चुटपुट लागेल.

मधल्या खोलीतला दिवा बदलताना शिडीवर मीच चढले होते. कोपऱ्यात त्या झिरोच्या बल्बचा होल्डर दिसला, अजून तसाच, लाल बल्बसकट. नावाचा झिरो, तो १५ वॅट खातो, हे तुम्हाला तेव्हाही माहीत असणार. तुमच्या घरात बादलीतलं उरलेलं पाणीही झाडांना जायचं, पण मी अंधाराला घाबरते म्हणून तो रात्रभर जळायचा. मी चौथीत जाईपर्यंत. ताई म्हणायची, 'हिच्यामुळे बिल येतं.' तुम्ही कधी काही बोलला नाहीत. रात्री डोळे उघडले की भिंतीवर तांबूस उजेड आणि तुमचं घोरणं.

खर्च विचारू नका. विचारलात तर मी माझ्या अकरावीच्या क्लासच्या फीपासून सुरुवात करीन.

आठवडाभर वापरा. एखादी गोष्ट अगदीच नको झाली तर सांगा, वायरमनदादा काढून देतील. पॅसेजचा दिवा सोडून. त्याबद्दल चर्चा नाही. आई, गोळ्या डब्यात वारांप्रमाणे भरल्यात. बाबा, मनगटाचे व्यायाम चुकवू नका, आणि स्टुलावर तर अजिबात चढायचं नाही, जळमटं मी आल्यावर काढीन.

दही लावून फ्रीजमध्ये ठेवलंय, पोळ्या दुपारच्या आहेत.

तुमची,
सोनी

ता. क. मीटरचं आजचं रीडिंग वहीत लिहिलंय. तारीख तुमच्यासारखी डाव्या बाजूला नाही आली, खाडाखोड करू नका. आणि झिरोचा बल्ब काढलेला नाही, फक्त पुसलाय.