उत्तरमेरूरच्या भिंतीवरचा लेख अर्धाच फॉरवर्ड होतोय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले कित्येक दिवस एकच वाद चालू आहे. एक बाजू म्हणते लोकशाही आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच होती, बाहेरून कुणी येऊन शिकवायची गरज नव्हती. दुसरी बाजू म्हणते जुन्या काळात राजे आणि जातपात सोडून काही नव्हतंच, त्यातलं घेण्यासारखं काय आहे. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, दोन्हीकडचे लोक फोटो टाकतात तो एकाच देवळाचा, तामिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या वैकुंठ पेरुमाळ मंदिराचा. मी रिटायर झाल्यावर कांचीपुरमला गेलो होतो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून तिथे जाऊन आलोय. तिथल्या भिंतीवर गावच्या समित्या कशा निवडायच्या याचे नियम कोरलेले आहेत. ती लिपी मला वाचता येत नाही, पण त्या शिलालेखाचं भाषांतर मिळवून नीट वाचलंय, म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतोय.

लेख चोळ राजा पहिल्या परांतकाच्या काळातला आहे, साधारण इ.स. ९१९ आणि ९२१ चा, देवळाच्या दगडी भिंतीवर कोरलेला. गावाचे ३० वॉर्ड, प्रत्येक वॉर्डातून लायक माणसांची नावं ताडाच्या पानांच्या चिठ्ठ्यांवर लिहायची, चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या, सगळ्या गावासमोर मडकं उंच धरून दाखवायचं आणि आत काय आहे हे ज्याला माहीत नाही अशा लहान मुलाकडून एक चिठ्ठी काढून घ्यायची. ती चिठ्ठी घेणाऱ्या मध्यस्थाने पाचही बोटं पसरून उघड्या तळहातावर घ्यायची, म्हणजे हातचलाखीला जागाच नको! मग ती मोठ्याने वाचायची, आणि परत तिथल्या पुजाऱ्यांनीही वाचायची. अशी ३० माणसं निवडून त्यातली १२ वार्षिक समितीवर, १२ बागांच्या आणि ६ तलावाच्या समितीवर, मुदत ३६० दिवस. बाराशे वर्षांपूर्वीच्या पल्लव काळातला गावाचा मोठा तलाव होता, आणि पाण्यावर गाव जगायचं, त्यामुळे तलावाची समिती म्हणजे नावापुरती नव्हती.

इथपर्यंत सगळे फॉरवर्ड करतात. पण त्याच भिंतीवर पुढे लिहिलंय की चिठ्ठीत नाव कुणाचं येणार, तर ज्याची स्वतःची करपात्र जमीन आहे, स्वतःच्या जागेवर घर आहे, वय ३५ ते ७० मध्ये आहे आणि ज्याला वेद येतात त्याचं. गाव ब्राह्मणांना दान दिलेलं होतं, सभा त्यांचीच. त्या शेतात राबणारा माणूस, कुंभार ज्याने ते मडकं घडवलं असेल, आणि गावातली एकही बाई, यांचं नाव त्या मडक्यात पडायची शक्यताच नव्हती. हे सांगितलं की ग्रुपवर काहीजण मला देशद्रोही असल्यासारखं बोलतात. अहो पण भिंतीवरच लिहिलंय ना!

फक्त आपल्याकडेच असं होतं असंही नाही. अथेन्समध्ये ५०० जणांचं मंडळ चिठ्ठीनेच निवडायचे, पण बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक सगळे बाहेर. वैशालीच्या वज्जींचं, म्हणजे तिथल्या जुन्या गणराज्याच्या लोकांचं, बुद्धाने कौतुक केलं की ते वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने सभा करतात आणि एकोप्याने उठतात, पण तिथेही सत्ता ठराविक कुळांचीच होती. आपल्या मराठी मुलखातली गोतसभा, म्हणजे तंटे सोडवणारी गावची सभा बघा, महजरावर म्हणजे निवाड्याच्या कागदावर पाटलाची नांगराची निशाणी असायची, बलुतेदारही हजर असायचे, तंटे गावातच मिटायचे, पण पाटीलकी वतनाची, बापाकडून पोराकडे जाणारी. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बौद्ध भिक्षु संघातल्या ठरावाच्या, मतदानाच्या, गणपूर्तीच्या (कोरमच्या) नियमांची आठवण करून दिली, आणि तेच बाबासाहेब एक वर्ष आधी जुन्या खेड्यांच्या गौरवाला कडाडून विरोध करून बसले होते. मला यात विसंगती दिसत नाही. चांगला नियम घ्यायचा आणि कोण वगळलं गेलं होतं तेही सांगायचं, दोन्ही एकदम करता येतं.

माझी आजी १९५२ ला पहिल्यांदा मत द्यायला गेली. तिला अक्षर ओळख नव्हती, जमीन तिच्या नावावर नव्हती. वर सांगितलेल्या एकाही जुन्या व्यवस्थेत तिला कुणी दारात उभं केलं नसतं, आणि इथे तिचं मत आणि गावच्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराचं मत सारखंच मोजलं गेलं. त्या एका मतापुढे माझ्यासाठी हजार वर्षांच्या अभिमानाची तुलनाच होत नाही.

पण आता ज्या कारणासाठी पत्र लिहितोय ते. उत्तरमेरूरच्या नियमात सगळ्यात कडक अट जातीची नाही, हिशोबाची वाटते मला. जो आधी समितीवर होता आणि ज्याने हिशोब दिला नाही त्याचं नाव मडक्यात टाकायचं नाही, आणि नुसतं त्याचं नाही, त्याच्या नातेवाईकांचंही नाही, मावसभाऊ, सासरे, मेहुणे अशी लांबलचक यादी कोरलेली आहे. गेल्या ३ वर्षांत समितीवर बसलेल्यालाही परत लगेच संधी नाही. अथेन्समध्येही मुदत संपली की हिशोब तपासून घ्यायचा, तोपर्यंत अधिकाऱ्याला देश सोडून जाता येत नसे.

आणि आम्ही? कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा, त्याआधी महिलांची वेगळी सभा, ७३ व्या घटनादुरुस्तीला तीस वर्षं उलटून गेली. गेल्या वर्षी मी ग्रामसभेत तळ्यातल्या गाळाच्या कामाला किती खर्च आला एवढं विचारलं तर उत्तर मिळालं की दप्तर आज आणलेलं नाही. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग दहा बारा जणांत सगळे ठराव मंजूर. ज्या बायकांच्या मतासाठी एवढी वर्षं गेली त्या सभेला आल्या की बसायला सतरंजी पण नसते, मग त्या परत येत नाहीत. ग्रुपवर मात्र लोकशाहीची जननी कोण यावर रात्री बारापर्यंत भांडण.

माझी तुमच्याकडे एक विनंती आहे. तालुक्याच्या पानावर ग्रामसभांच्या तारखा आधी छापा, आणि सभा झाल्यावर कुठल्या गावात जमाखर्च वाचून दाखवला आणि कुठे नाही एवढंच दोन ओळीत छापा. बातमी मोठी नाही, पण गावात पेपर वाचला जातो, आणि आपल्या गावाचं नाव त्या यादीत कुठे आहे हे लोक बघतीलच.

२६ जानेवारीच्या सभेत मी गाळाचा हिशोब परत मागणार आहे, या वेळी लेखी, पोच घेऊन. माझ्यासोबत बचत गटाच्या सात जणी येणार आहेत, सतरंजी आम्ही घरून नेतोय.

आपला,
एक नियमित वाचक,
सातारा जिल्हा