घोळीच्या बातम्यांतला घोळ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात ‘सोन्याचे हृदय असलेला मासा गळाला’ या मथळ्याखाली घोळीची बातमी आली आहे. घोळ सापडली की दरवर्षी साधारण याच शब्दांत बातमी येते आणि दरवर्षी तीच चूक तशीच छापली जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

घोळीचे हृदय इतर कोणत्याही माशाच्या हृदयासारखेच लहान असते आणि त्याला बाजारात कोणी विचारत नाही. लाखांचा भाव मिळतो तो ‘बोता’ला. पाठीच्या कण्याखाली, पोटाच्या पोकळीत असलेली ही वायूने भरलेली पिशवी पाण्यात शरीराचा तोल राखते. वाळवलेले बोत प्रामुख्याने हाँगकाँग आणि चीनकडे जाते, तिथे त्याचे सूप करतात, आणि नराच्या बोताला मादीच्या बोतापेक्षा जास्त भाव मिळतो. त्यातून कोणकोणते असाध्य रोग बरे होतात याच्या याद्याही बातम्यांत असतात; त्या व्यापाऱ्यांच्या तोंडच्या आहेत, हे निदान नमूद तरी करावे.

खरे नवल बोताच्या किमतीत नसून त्याच्या कामात आहे. घोळ (शास्त्रीय नाव प्रोटोनिबिया डायकँथस), कोथ आणि आपल्या रोजच्या जेवणातला ढोमा हे सारे सायनिडी या एकाच कुळातले मासे असून या कुळातल्या बहुतेक माशांत बोताला लागून खास स्नायू असतात. ते अतिशय वेगाने आकुंचन पावू लागले की पिशवी ढोलासारखी घुमते आणि मासा ‘बोलतो’. बऱ्याच जातींत हे स्नायू फक्त नराला असतात आणि विणीच्या काळात, विशेषतः संध्याकाळनंतर, हा आवाज वाढतो. माझ्या लहानपणी आमच्या शेजारचे एक वृद्ध तांडेल (होडीचे प्रमुख) वल्ह्याचे पाते पाण्यात बुडवून त्याच्या दांड्याला कान लावत आणि खाली मासळी आहे की नाही ते सांगत. आम्हा मुलांना ती जादू वाटे. पुढे प्राणिशास्त्र शिकवू लागल्यावर कळले, की लाकडातून त्यांच्या कानापर्यंत येत होती ती माशांचीच घरघर.

ऐकण्याची तजवीजही तेवढीच चोख आहे. ढोम्याचे डोके चावताना दाताखाली जे पांढरे, टणक खडे येतात, ते त्याच्या कानातले खडे. या कुळात ते इतर माशांच्या मानाने बरेच मोठे असतात, आणि झाडाच्या बुंध्याप्रमाणे त्यांच्यातली वलये मोजून माशाचे वय काढता येते. ताज्या घोळीची अंगावरची रेघ पाहिली, तर ती बहुतेक माशांप्रमाणे शेपटीच्या बुडाशी न थांबता थेट शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली दिसते; पाण्यातली बारीक हालचाल टिपणारे हे इंद्रिय आहे. चिखलाच्या तळावर, खाडीच्या तोंडाशी, जिथे हातभर अंतरावरचे दिसत नाही अशा गढूळ पाण्यात, कोळंबी, खेकडे आणि लहान मासे खाऊन जगणाऱ्या प्राण्याला डोळ्यांपेक्षा याच गोष्टींचा उपयोग अधिक.

आता मूळ मुद्दा. जो मासा एकमेकांना हाक मारून एकत्र जमतो, तो एकगठ्ठा सापडतोही. 2021 साली आपल्या पालघर जिल्ह्यातल्या मुरबे येथील एका बोटीला एकाच खेपेत 157 घोळी मिळाल्या आणि त्यांना सुमारे 1 कोटी 33 लाख रुपये आले, ही बातमी देशभर गाजली. त्या मच्छीमाराच्या नशिबाचा मला हेवा नाही. वर्षानुवर्षे डिझेलचे पैसेही न सुटणाऱ्या माणसाला असा एक दिवस मिळाला, याचा आनंदच आहे. पण दीड मीटरपर्यंत वाढू शकणाऱ्या माशाचा तो अख्खा थवा होता, तो तिथे का जमला असावा, विणीसाठी तर नव्हे, हे विचारणारी एक ओळ मला कुठे वाचायला मिळाली नाही.

चीनच्या किनाऱ्यावर 1950 च्या दशकात याच कुळातल्या पिवळा क्रोकर या माशाचे थवे होड्यांनी वेढून लाकडे बडवत, त्या दणक्याने मासे बधिर होऊन वर येत, मोठ्यांबरोबर पिल्लेही मरत. तो प्रकार पुढे बंद करावा लागला. मासा मात्र पूर्वीसारखा परतला नाही. आपल्या घोळीवर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने 2019 मध्ये आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्यावसायिक मासेमारीसाठी वर्षाला 20 टनांची मर्यादा घातली. आपल्या शेजारच्या गुजरातने 2023 मध्ये तिला राज्यमासा म्हणून मान दिला, महाराष्ट्राने तो पापलेटला दिला. मानाने मासा वाढत नाही, हा भाग वेगळा.

लहान घोळ सापडल्यास परत सोडावी, असे सहज सुचवले जाते. पण तिच्या बोतातला वायू तोंडावाटे चटकन बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे खोल पाण्यातून भराभर वर ओढताना बोत फुगते, आतले अवयव दाबले जातात आणि सोडलेली घोळ बहुधा जगत नाही. म्हणजे जे काही करायचे ते जाळ्याच्या आसाच्या (भोकांच्या) मापातच करायला हवे. बोटीवर आल्यावरची दया तिच्या उपयोगाची नाही.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी लिलावाच्या रकमेसोबत मासे किती होते, त्यांची लांबी व वजन किती होते आणि किती माद्यांच्या पोटात गाबोळी (अंडी) होती, हेही बंदरावर विचारून छापावे. मासे कापणाऱ्या बायका ते क्षणात सांगतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पालघर जिल्हा