मॅडम, आयक्यू ८४ आला तरी मुलगा डेंजर आणि ११८ आला तरी डेंजर, मग टेस्ट घेता कशाला?

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मॅडम, नमस्कार.

मी ३१ वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं. रिटायर झाल्यापासून आठवड्यातले दोन दिवस पोलीस केसमध्ये अडकलेल्या मुलांच्या आयांबरोबर फिरते. सरकारी भाषेत ही मुलं 'विधिसंघर्षग्रस्त बालक', आयांच्या भाषेत 'रिमांड होमला टाकलेला'. मी काही वकील नाही, सायकॉलॉजिस्ट पण नाही. बाकावर बसते, झेरॉक्स काढून आणते, फॉर्म वाचून दाखवते, एवढंच. पण बाकावर बसून बसून माणूस बरंच काही बघतो, आणि गेल्या पावसाळ्यात जे बघितलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दोन मुलं होती. दोघंही सतरा पूर्ण, दोघांवरचे आरोप असे की कायद्यात किमान ७ वर्षांची शिक्षा आहे, म्हणजे बाल न्याय कायद्याचं कलम १५ लागतं, म्हणजे बाल न्याय मंडळाने, आम्ही नुसतं बोर्ड म्हणतो, आधी ठरवायचं की मुलाची हे कृत्य करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, आणि परिस्थिती काय होती, आणि त्यावरून पुढे त्याला मोठ्या माणसासारखं चालवायचं की नाही. नावं, एरिया, हॉस्पिटल काही सांगत नाही, कलम ७४ मला माहितेय.

पहिला मुलगा भंगारच्या दुकानात काम करायचा. चौघांनी मिळून रात्री एकाला चाकू दाखवून मोबाईल काढून घेतला असा आरोप, चाकू याच्या हातात नव्हता असं तो म्हणतो, ते कोर्ट बघेल. त्याला आयक्यू टेस्टला आणलं सकाळी साडेनऊला आणि नंबर लागला पावणेतीनला. मधल्या वेळात एक वडापाव. तो खाऊन झाल्यावर त्याने कागदाची घडी घातली, मग अजून एक, अजून एक, शेवटी चिंचोक्याएवढी झाली, ती खिशात ठेवली. आत गेला आणि पाऊण तासात बाहेर. मी विचारलं काय रे, एवढ्यात? म्हणाला, "टीचर, वो शब्द का मतलब पूछ रहे थे, मैं बोला नहीं मालूम, नहीं मालूम, तो जल्दी छूट गया." घरात भोजपुरी, दुकानात बंबैया हिंदी, चौथीपर्यंत मराठी शाळा, आणि टेस्ट मराठीत. हाच मुलगा बाकावर बसून मला सांगत होता की तांब्याच्या वायरीत रबराचं वजन किती धरायचं आणि गिऱ्हाईक काट्यावर कसं फसवतं, आणि हिशोब तोंडी, माझ्याहून फास्ट.

रिपोर्टमध्ये आकडा आला ८४. बोर्डाने आईला सारांश समजावून सांगितला, बिचारीच्या लक्षात दोनच गोष्टी राहिल्या, 'चौऱ्याऐंशी' आणि 'डेंजर'. नंतर वकीलबाईंनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं, लिहिलं होतं की बुद्धी सरासरीपेक्षा कमी, आवेगी, अँटीसोशल पर्सनॅलिटीची (म्हणजे समाजाचे नियम न जुमानणाऱ्या स्वभावाची) लक्षणं, सुधारणेची शक्यता मर्यादित.

दुसरा टॉवरमधला, इंग्लिश मीडियम, पाठांतर कडक. त्याचा आकडा ११८. त्याच्या रिपोर्टमध्ये काय असेल सांगा? तल्लख, योजना आखू शकतो, समोरच्याला वापरून घेतो, अँटीसोशल पर्सनॅलिटीची लक्षणं, परिणामांची पूर्ण जाणीव.

म्हणजे कमी आला म्हणून धोकादायक आणि जास्त आला म्हणूनही धोकादायक! आमच्या शाळेत एक हेडमास्तर होते, मुलगा गप्प बसला तर घुम्या आणि बोलला तर आगाऊ, त्यांची आठवण झाली.

मग मी नातवाला बसवून जे मिळेल ते वाचलं, तीन महिने वाचलं. हुशार माणूस वाईट निघाला तर जास्त वाईट, ही कल्पना आपल्या डोक्यात सिनेमाने घातलीय असं मला वाटायचं, पण ती पुस्तकातूनही आलीय. हर्वी क्लेक्ली नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४१ साली सायकोपॅथ, म्हणजे दुसऱ्याचं दुःख न जाणवणाऱ्या, निर्दय माणसांवर पुस्तक लिहिलं, त्यातल्या लक्षणांच्या यादीत पहिलंच लक्षण वरवरचा गोडवा आणि चांगली बुद्धी. पण त्याच्यासमोर आले ते मुख्यतः हॉस्पिटलातले पेशंट, त्यावरून सगळ्यांचं कसं सांगणार? नंतर कॅनडाच्या रॉबर्ट हेअरने तुरुंगात वापरायची २० मुद्द्यांची चेकलिस्ट केली, जी आज जगभर वापरतात, तिच्यात गोडबोलेपणा आहे, खोटं बोलणं आहे, पण हुशारी हा मुद्दाच नाही.

उलटी समजूत त्याहून जुनी, की गुन्हेगार म्हणजे मंदबुद्धी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हेन्री गोडार्डसारखे लोक हेच सांगत फिरत होते. आणि आपल्याला त्यांना हसायचा हक्क नाही मॅडम, आपल्या देशात १८७१ पासून माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा होता, तो देशभरातून गेला १९५२ ला, आणि माझ्या वर्गातल्या पारधी मुलांच्या पेन्सिली चोरीला गेल्या तरी संशय त्यांच्यावरच, हे मी नव्वदच्या दशकात डोळ्यांनी बघितलंय.

आता मोजमाप काय सांगतं ते ऐका. २०१९ साली ओल्गा सान्चेझ द रिबेरा आणि सहकाऱ्यांनी बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. सायकोपॅथी आणि बुद्ध्यांक यांचा संबंध निघाला उणे ०.०७, अँटीसोशल पर्सनॅलिटीचा उणे ०.१३, मुलांच्या वर्तनसमस्यांचा उणे ०.११. उणे म्हणजे एक वाढला की दुसरा किंचित कमी. किती किंचित, तर ०.१३ चा वर्ग केला की पावणेदोन टक्केसुद्धा होत नाही, माणसामाणसातल्या फरकाचा एवढाच भाग या आकड्यातून कळतो, बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के दुसरीकडे. त्याआधी २०१३ मध्येही एका मोठ्या पाहणीत स्वार्थी, कावेबाज, निर्दय स्वभावाचा बुद्धीशी धड कुठलाच संबंध मिळाला नव्हता, ना हुशार खलनायक खरा ठरला ना मूर्ख खलनायक. विरार फास्टमध्ये बसायला जागा कोणाला मिळेल हे उंचीवरून सांगण्यासारखं आहे हे, लाखभर माणसं मोजली तर थोडा फरक दिसेलही, पण दारात लटकलेल्या एका माणसाबद्दल उंचीवरून तुम्ही काही सांगू शकाल का? आणि ८४ म्हणजे तरी काय, सरासरी १०० धरतात, त्या हिशोबाने १०० लोकांत साधारण १४ जण त्याच्या खाली असतात. त्याच विरार फास्टच्या एका डब्यात किती झाले बघा, आणि ते सगळे कामाला चाललेत.

कोणी म्हणेल, हो, पण जे पकडले जातात तेच मोजले जातात, हुशार चोर सापडतच नाहीत. मलाही हेच वाटलं होतं. हे तपासून झालंय. न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिन शहरात १९७२-७३ ला जन्मलेल्या १०३७ मुलांना लहानपणापासून बघतायत, त्यांच्यावर टेरी मॉफिट आणि फिल सिल्वा यांनी १९८८ मध्ये अभ्यास केला, स्वतःहून गुन्ह्यांचे उद्योग कबूल केलेल्या मुलांमध्ये पोलिसांना सापडलेली आणि न सापडलेली अशी विभागणी केली, दोघांच्या बुद्ध्यांकात फरक नव्हता. त्याच मॉफिटबाईंनी १९९३ मध्ये लिहिलं की लहानपणापासून मोठेपणापर्यंत त्रास देत राहणारी मुलं थोडीच असतात, बाकीच्यांचं वळण विशीकडे जाताना सुटतं.

मग जो छोटासा संबंध आहे तो येतो कुठून? इथे मला माझंच तोंड बघायला लागतं. १९७७ साली हिर्शी आणि हिंडेलांग या दोघांनी मांडलं की मधली कडी शाळा आहे. स्कोअर कमी, म्हणून मार्क कमी, म्हणून शाळा नकोशी, म्हणून बाहेर. मॅडम, आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला दुसऱ्या शाळेत नाव घाला म्हणून दाखला हातात द्यायचा, तो मुलगा पुढच्या शाळेत पोचला का हे मी किती वेळा बघितलं? बोटावर मोजण्याइतक्या वेळा. मागच्या बाकावर बसवलेली मुलं मला आजही आठवतात, चेहरे आठवतात, नावं नाही, यातच काय ते आलं.

आणि टेस्टचं सांगते. बिने नावाच्या बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कानडी रूप कामतांनी १९३० च्या दशकात केलं, केवढं मोठं काम, त्या काळी एकट्या माणसाने आपल्या मुलांसाठी आपल्या भाषेत टेस्ट केली, त्याला माझा दंडवत. पण बिने-कामत आजही वापरतात, आणि जेम्स फ्लिनने १९८४ मध्ये दाखवून दिलंय की टेस्टचे जुने निकष तसेच ठेवले तर पुढच्या पिढीचे आकडे फुगून येतात. म्हणजे त्या ११८ मधले किती खरे आणि किती जुन्या फूटपट्टीचे? आणि ८४ वाल्याने तर फूटपट्टीला हातच लावला नाही, 'नहीं मालूम' म्हणून सुटला. हेही बघून झालंय, २०११ मध्ये अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमधल्या मुलांचे टेस्ट देतानाचे व्हिडिओ तपासले, कंटाळा, जांभया, उरकून टाकायची घाई असं नोंदवलं, तर ज्यांचं मनच लागत नव्हतं त्यांचे आकडे कमी, आणि पुढच्या आयुष्याबद्दल आयक्यू जे सांगतो असं वाटत होतं त्यातला काही भाग या मन न लागण्याचाच निघाला. साडेनऊ ते पावणेतीन एका वडापाववर कोणाचं मन लागेल हो? माझं शुगरमुळे अकरालाच डोकं फिरतं.

टॉवरवाल्या मुलाचंही ऐका, त्याच्यावर अन्याय नको. हुशार आहे म्हणून परिणाम कळत होते, हे वाक्य मला शिक्षिका म्हणून पटत नाही. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी व्हिडिओ गेमवर गाडी चालवायला दिली, काहींना एकट्याला, काहींना मित्र बघत असताना. मित्र आले की किशोरवयीन मुलांनी जास्त धोका घेतला, मोठ्या माणसांना फारसा फरक पडला नाही. गणितात ९५ मिळवणारा मुलगा सहलीला बसच्या टपावर चढलेला मी स्वतः खाली उतरवलाय, खाली सात जण टाळ्या वाजवत होते. शांत खोलीत टेबलावर बसून दिलेल्या उत्तरांवरून त्या रात्रीच्या दहा मिनिटांचं काय कळणार?

आणि 'अँटीसोशल पर्सनॅलिटी', हा शब्द सतरा वर्षाच्या मुलासाठी मुळात वापरताच येत नाही. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या पुस्तकात स्पष्ट आहे, वय किमान १८ हवं, आणि १५ च्या आधीपासून वर्तनविकाराचा पुरावा हवा. 'लक्षणं' असं पुढे जोडलं की पळवाट मिळते. आईला पळवाट कळत नाही, तिला डेंजर कळतं.

सुप्रीम कोर्टाने १३ जुलै २०२२ ला सांगितलंय की बोर्डात बालमानसशास्त्र शिकलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक, आणि हे काम नाजूक आहे, उरकायचं नाही. तज्ज्ञ घेतले जातात, हे खरं. पण त्या बाईंच्या टेबलावर त्या दिवशी किती फाइली होत्या ते मी दारातून बघितलं, मला त्यांचा राग नाही, मी पण एका वर्गात ७० मुलं सांभाळलीत.

तर मॅडम, एक परिपत्रक काढा. रिपोर्टमध्ये नुसता आकडा नको, टेस्ट कुठली, कुठल्या सालच्या निकषांची, कोणत्या भाषेत घेतली, मुलाची घरची भाषा कुठली, किती वाजता घेतली, मुलगा जेवला होता का, हे सगळं लिहिणं सक्तीचं करा. भाषा जुळत नसेल तर टेस्ट दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाकडून परत. आकड्यावरून स्वभाव आणि स्वभावावरून भविष्य असं लिहायला बंदी. अठराच्या खाली पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं नावच नको. कायदा बोर्डाला तीन महिने देतो, त्यात एक जास्तीची सकाळ बसते. आणि जमलं तर रिमांड होममध्ये भाषेचा एक पूर्णवेळ शिक्षक द्या, पोस्ट मंजूर असते आणि माणूस नसतो हा प्रकार मला नवा नाही.

भंगारवाल्या मुलाच्या वकीलबाईंनी परत टेस्टसाठी अर्ज टाकलाय, या वेळी हिंदीत घ्या म्हणून. तारीख पुढच्या मंगळवारी आहे. मी नऊला पोचतेय, डब्यात पोळी-भाजी जास्तीची घेऊन.

आपली,
एक रिटायर्ड मनपा शिक्षिका, विक्रोळी

ता. क. हे पत्र 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून खाली जाणार हे मला माहितेय, तो शेरा मारायला मी स्वतः हेडबाईंना मदत केलीय. फक्त कुठल्या टेबलावर गेलं तेवढं कळवा, मी तिथे येऊन बसेन.